दुसऱ्या बेसवरची बाई

अंकुशनगर म्हटलं की अंबड तालुक्याबाहेरच्या माणसालाही आधी कारखाना आठवतो. धुळे-सोलापूर महामार्गालगत, महाकाळ्याजवळ समर्थ सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याच्या भोवती वसाहत जमली, शाळा आल्या, दुकानं आली आणि अंकुशराव टोपे यांच्या नावानं वस्तीला ओळख मिळाली. एका बाजूला गोदावरी, दुसरीकडे जायकवाडीचा डावा कालवा. म्हणून मराठवाड्याच्या या कोरड्या नकाशावर हा पट्टा हिरवा दिसतो. दिवाळीच्या आगेमागे गव्हाणीत मोळी पडते, बॉयलर पेटतो आणि पुढचे चार-पाच महिने सगळा परिसर उसाच्या तालावर चालतो.

मागच्या गाळपाच्या सुरुवातीला मी त्या भागात होते. संध्याकाळ होत आली होती. रस्त्याच्या कडेला ट्रॉल्यांची रांग लागलेली, हवेत मळीचा वास. एका शाळेच्या मैदानावर सोळा-सतरा मुली खेळत होत्या. लांबून मला वाटलं क्रिकेट असेल. जवळ गेले तर जमिनीवर फक्कीनं तिरपा चौकोन आखलेला, कोपऱ्यांवर युरियाच्या रिकाम्या गोण्यांच्या घड्या ठेवलेल्या आणि मुलींच्या डाव्या हातांत चामडी ग्लोव्ह. बेसबॉल!

ग्लोव्ह सहाच होते. एका बाजूचा डाव संपला की मुली ते आपापल्या जागी मातीत ठेवून बॅटिंगला धावायच्या आणि समोरच्या संघातल्या मुली तेच उचलून हातात चढवायच्या. एका ग्लोव्हची वादी तुटली होती, तिथं सुतळी ओवली होती. तो ग्लोव्ह ज्या मुलीकडे होता ती दुसऱ्या बेसजवळ उभी होती. सुटलेल्या वेणीकडे तिचं लक्ष नव्हतं, नजर चेंडूवर. मी नंतर तिला विचारलं, तू तिथंच का उभी राहतेस? ती म्हणाली, ‘तिथं चेंडू लई येतो. बाकीच्या जागी नुसतं उभं ऱ्हावं लागतं.’

त्या एका वाक्यानं मला सत्तर वर्षांपूर्वीची, हजारो मैलांवरची एक बाई आठवली. तिनंही आयुष्यभर हीच जागा मागितली होती. मार्सेनिया लाइल स्टोन तिचं नाव. मैदानावर ती टोनी स्टोन होती. पुरुषांच्या व्यावसायिक बेसबॉलच्या वरच्या दर्जाच्या लीगमध्ये नियमित खेळाडू म्हणून करारावर उतरलेली ती पहिली स्त्री मानली जाते. तिच्याविषयी मराठीत फारसं कुणी लिहिलेलं नाही. मला मात्र अंकुशनगरच्या त्या मैदानावरून परतल्यापासून तिच्याविषयी लिहिल्याशिवाय राहवेना.

आधी खेळाचं थोडं सांगते, कारण आपल्याकडे तो ‘क्रिकेटसारखा एक खेळ’ एवढाच माहीत असतो. मैदानात हिऱ्याच्या आकाराचा चौकोन, त्याच्या चार कोपऱ्यांना बेस. मोठ्यांच्या खेळात एका बेसपासून दुसऱ्यापर्यंत ९० फूट अंतर. पिचर ६० फूट ६ इंचांवरून चेंडू फेकतो, टप्पा न पाडता, थेट. बॅटरनं मारला की पळायचं आणि चारही बेस फिरून घरी, म्हणजे होम प्लेटवर परतलं की एक रन. नऊ खेळाडू, नऊ डाव. मुलींच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत सात.

दुसरा बेस पिचरच्या मागे, मैदानाच्या ऐन मध्यावर येतो. तिथल्या क्षेत्ररक्षकाचं काम अवघड. समजा पहिल्या बेसवर समोरच्या संघाचा एक गडी आहे आणि बॅटरनं जमिनीलगत फटका मारला. आता दुसऱ्या बेसवाल्यानं साथीदाराचा फेकलेला चेंडू घ्यायचा, बेसला पाय लावून एक गडी बाद करायचा, लगेच अंग वळवून पहिल्या बेसकडे फेकायचा आणि दुसराही बाद करायचा. हे सगळं डोळ्याचं पातं लवण्याच्या आत. आणि त्याच क्षणी बाद होणारा गडी जमिनीवरून घसरत, बुटांचे लोखंडी खिळे पुढे करून तुमच्या पायावर येत असतो. फेक चुकावी म्हणूनच तो तसा येतो. भित्र्याला ही जागा देत नाहीत.

टोनीच्या डाव्या मनगटावर अशाच खिळ्यांचे व्रण होते. म्हातारपणी ती ते अभिमानानं दाखवायची.

तिचा जन्म १७ जुलै १९२१ चा, वेस्ट व्हर्जिनियातल्या ब्लूफील्ड गावचा. वडील केस कापायचे, आई केशरचना करायची. पुढे कुटुंब उत्तरेला, मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरात गेलं. तिथल्या राँडो नावाच्या काळ्यांच्या वस्तीत ती वाढली. तिथं नंतर महामार्ग झाला आणि राँडो वस्ती मधोमध चिरली गेली. टोनीच्या लहानपणी मात्र ती भरलेली, गजबजलेली होती. पोरगी दिवसभर मुलांत. गल्लीतल्या लोकांनी तिला ‘टॉमबॉय’ हेच नाव पाडलं. आपल्याकडे अशा मुलीला ‘पोरगा हाय नुसता’ म्हणतात. म्हणताना कौतुकही असतं आणि धाकही.

आईवडिलांना काळजी वाटली. मुलीनं हे खूळ सोडावं म्हणून त्यांनी चर्चच्या पाद्र्याला मध्ये घातलं. हे फादर चार्ल्स कीफ. पोरीचं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं आणि उलटंच केलं. तिला चर्चच्या मुलांच्या संघात घेतलं. समजूत घालायला आणलेल्या माणसानंच मैदानाचं दार उघडलं. अशी माणसं प्रत्येक खेळाडू मुलीच्या आयुष्यात एखाद-दुसरीच भेटतात, आणि ती भेटली नाहीत तर पुढची गोष्ट घडतच नाही.

दुसरा माणूस भेटला तो अगदी अनपेक्षित. गॅबी स्ट्रीट हा गोरा, दक्षिणेकडचा, मोठ्या लीगमध्ये खेळून आलेला. त्याच्या हाताखाली सेंट लुईस कार्डिनल्सनं १९३१ ची वर्ल्ड सिरीज जिंकली होती. तो सेंट पॉलच्या संघाचा व्यवस्थापक म्हणून आला आणि मुलांसाठी शिबिर घेऊ लागला. टोनी रोज जाऊन उभी राहायची. तो हाकलायचा. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर. एकदा त्यानं वैतागून तिला संधी दिली आणि तिची फेक, तिचं पळणं पाहिलं. मग त्यानंच तिला खिळ्यांचे बूट घेऊन दिले. तिचे ते पहिले खरे बूट. पंधरा-सोळाव्या वर्षी ती ‘ट्विन सिटी कलर्ड जायंट्स’ या मोठ्या पुरुषांच्या फिरत्या संघात खेळत होती.

‘कलर्ड’ हा शब्द संघाच्या नावात का, हे सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये काळ्या खेळाडूला जागा नव्हती. तसा लेखी नियम नव्हता. सगळ्या मालकांनी आपसांत ठरवलेलं होतं. म्हणून काळ्यांनी आपल्या लीग काढल्या. रुब फॉस्टर यानं १९२० मध्ये निग्रो नॅशनल लीग उभी केली. या लीगमधले खेळाडू गोऱ्यांच्या तोडीस तोड होते, पण पगार, बस, मुक्काम, जेवण सगळं खालच्या पायरीचं.

आपल्याला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. पुण्यात दलित क्रिकेटपटू पाळवणकर बाळूंनी इंग्रजांच्या जिमखान्यात नेटमध्ये गोलंदाजी करत करत हात घडवला. हिंदूंच्या संघाला त्यांच्या डावखुऱ्या फिरकीची गरज होती म्हणून त्यांना घेतलं. मैदानावर त्यांचा चेंडू चालायचा. चहाच्या वेळी त्यांना तंबूबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. ते मिळायला १९२३ साल उजाडावं लागलं आणि ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं. हुन्नर हवा पण माणूस नको, हे दुखणं आपल्या घरातलंच आहे. टोनीच्या बाबतीत ते दुहेरी होतं. ती काळी होती आणि बाई होती.

बायकांची लीग तेव्हा अमेरिकेत होती. युद्धात पुरुष खेळाडू सैन्यात गेले, मैदानं ओस पडतील म्हणून शिकागोच्या फिलिप रिग्ली या च्युइंगमवाल्या उद्योगपतीनं १९४३ मध्ये ‘ऑल-अमेरिकन गर्ल्स प्रोफेशनल बेसबॉल लीग’ सुरू केली. ती १९५४ पर्यंत चालली आणि सहाशेवर मुली तीत खेळल्या. त्यांना आखूड स्कर्टमध्ये खेळावं लागे. घसरून बेस गाठताना मांड्या सोलवटून निघत. ओठ रंगवायचे, केस लहान कापायचे नाहीत, चारचौघांत कसं वागायचं, याचंही प्रशिक्षण दिलं गेलं. तरीही त्या मुली जीव तोडून खेळल्या आणि त्यांचं मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण त्या बारा हंगामांत एकाही काळ्या मुलीशी त्या लीगनं करार केला नाही. टोनीनं चाचणीसाठी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही.

मग तिला एकच वाट उरली, पुरुषांची.

१९४३ मध्येच ती बहिणीला शोधत सॅन फ्रान्सिस्कोला गेली. ओळख नाही, पैसा नाही. मिळेल ते काम केलं. तिथंच तिनं ‘टोनी’ हे नाव घेतलं, कारण ते ‘टॉमबॉय’च्या जवळचं वाटत होतं. कुमारांच्या संघात शिरायला वयाची अट आड आली, तेव्हा तिनं सरळ दहा वर्षं कमी सांगितली. पुढे कित्येक वर्षं तिचं जन्मसाल १९३१ असंच छापून यायचं. वय चोरणं वाईटच. पण ज्या मुलीला विशीत कुठलाच संघ दारात उभा करत नव्हता, तिनं खेळायची वर्षं आणायची कुठून?

१९४९ मध्ये ती ‘सॅन फ्रान्सिस्को सी लायन्स’ या काळ्या पुरुषांच्या संघात होती. पुरुष खेळाडूंपेक्षा आपल्याला कमी पैसे मिळतात हे कळताच तिनं दौऱ्याच्या मध्येच संघ सोडला आणि न्यू ऑर्लिन्सला दुसऱ्या संघाकडे गेली. ‘न्यू ऑर्लिन्स क्रिओल्स’कडून ती पुढचे हंगाम खेळली. १९५० मध्ये तिनं ऑरेलियस अल्बर्गा यांच्याशी लग्न केलं. ते तिच्यापेक्षा जवळपास चाळीस वर्षांनी मोठे. बायकोनं घरी राहावं असं त्यांना वाटायचं. उन्हाळा आला की ती बॅग भरायची.

त्याच काळात गोऱ्यांच्या बेसबॉलनं बायकांना लेखी दार बंद केलं. १९५२ च्या जूनमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गच्या संघानं एलिनॉर एंगल या तरुणीशी करार केला. काही दिवसांतच लहान लीगच्या अध्यक्षांनी फर्मान काढलं की यापुढे बायकांशी करार चालणार नाहीत. काळ्यांच्या लीगला हे फर्मान लागू नव्हतं. पण त्या लीगची स्वतःचीच अवस्था बिकट होती. १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला आणि रंगाची भिंत फुटली. ही अतिशय चांगली गोष्ट होती, तिचा दुसरा परिणाम मात्र असा झाला की चांगले काळे खेळाडू मोठ्या लीगमध्ये जाऊ लागले, त्यांच्यामागे प्रेक्षक गेले आणि काळ्यांच्या लीगची मैदानं रिकामी पडू लागली.

‘इंडियानापोलिस क्लाउन्स’ हा त्यातलाच एक संघ. नावाप्रमाणे त्याच्याबरोबर विदूषक असायचे, सामन्याच्या आधी आणि मध्ये नकला चालायच्या. पण संघ भक्कम होता. १९५२ मध्ये अठरा वर्षांचा हँक ॲरन याच संघात खेळत होता, तोच पुढे ७५५ होम रन मारणारा. त्याला मोठ्या लीगनं नेलं. आता गर्दी खेचायची कशी? मालक सिड पोलॉक यानं १९५३ च्या हंगामासाठी टोनी स्टोनला करारबद्ध केलं. दुसऱ्या बेससाठी.

हा फिरता संघ मला आपल्या तमाशाच्या फडासारखा वाटतो. तीच बस, तोच रोजचा नवा गाव, रात्रीचा प्रवास, सकाळी मैदान, सोंगाड्याची हशा पिकवणारी बतावणी. आणि फलकावर नाव कुणाचं मोठं? बाईचं. आपल्याकडे विठाबाई नारायणगावकरांच्या नावावर तिकिटं खपली, त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला आणि तरी गावात उतरायला जागा मिळताना त्यांच्यासारख्या कलावंतिणींना काय सोसावं लागलं, ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. पुरुषांच्या ताफ्याबरोबर फिरणारी एकटी बाई म्हटलं की लोक मनात काहीतरी ठरवूनच बघतात. टोनीला हॉटेलवाल्यांनी अनेकदा वेश्या समजून दार लावलं किंवा वेश्यावस्तीचा पत्ता सांगितला. ती तिथं गेली. तिथल्या बायकांनी तिला खोली दिली, खाऊ घातलं, तिचे कपडे धुतले आणि चेंडू छातीवर बसू नये म्हणून सदऱ्याला आतून गादी शिवून दिली. दौऱ्यात पुढेही ती हॉटेलपेक्षा त्या घरांवर जास्त भरवसा ठेवायची. तिच्या चरित्रातला हा भाग मी दोनदा वाचला. सभ्य जगानं बाहेर उभी केलेली ती बाई आणि गावाबाहेर घर असलेल्या त्या बाया, यांनी एकमेकींना कसं ओळखलं असेल!

पोलॉकची इच्छा होती की तिनं स्कर्ट घालून खेळावं, म्हणजे गर्दी वाढेल. तिनं साफ नकार दिला. मी इथं बॉल खेळायला आलेय, पुरुष घालतात तेच घालणार, असं तिचं म्हणणं. मालकानं ऐकलं. कपडे बदलायला तिला पंचांची खोली मिळायची. जाहिरातीत तिचा पगार वर्षाला १२,००० डॉलर छापला गेला, प्रत्यक्षात हाती पडणारे पैसे त्याच्या जवळपासही नव्हते.

आणि खेळ? त्या हंगामात ५० सामने आणि .२४३ ची सरासरी, अशी नोंद सांगितली जाते. म्हणजे दर चार वेळा बॅटिंगला आली की जवळपास एकदा तिनं फटका मारून बेस गाठला. वरच्या दर्जाच्या पिचरसमोर हे वाईट नाही, दुसऱ्या बेसवाल्यासाठी तर नाहीच. महान पिचर सॅचेल पेज याला आपण फटका मारला, हा आयुष्यातला सर्वांत आनंदाचा क्षण, असं ती सांगायची. अभ्यासकांना त्याचा ठोस पुरावा मिळालेला नाही. मला त्या फटक्यापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते.

बहुतेक सामन्यांत तिला सुरुवातीचे काही डाव खेळवायचे आणि मग बाहेर बसवायचे. प्रेक्षकांनी बाई पाहिली, तिकिटाचे पैसे वसूल झाले. आता सामना जिंकायचाय, आता पुरुष उतरू दे. तिला संघात आणलं ते गर्दीसाठी. ती आली होती खेळासाठी. या दोन गोष्टींमधलं अंतर तिनं दर संध्याकाळी बाकावर बसून मोजलं असेल. आणि मैदानावर असताना? काही सहकारी मुद्दाम वाकडी फेक करायचे, म्हणजे घसरत येणाऱ्या गड्याचे खिळे तिला लागावेत. समोरचे तर खिळे रोखूनच यायचे. ती जागा सोडत नव्हती.

१९५४ पर्यंत क्लाउन्सनं आणखी दोन तरुण मुली घेतल्या होत्या, पिचर मेमी जॉन्सन आणि टोनीच्याच जागेवर कॉनी मॉर्गन. टोनीचा करार ‘कॅन्सस सिटी मोनार्क्स’ला विकला गेला. नावाजलेला संघ, बक ओनीलसारखा नामांकित व्यवस्थापक. पण तिथं ती बहुतांश बाकावरच राहिली. सरासरी .१९७ वर आली. हंगाम संपला आणि तेहतिसाव्या वर्षी तिनं व्यावसायिक बेसबॉल सोडला. पुढे ओकलंडला परिचारिकेचं काम केलं, नवऱ्याचं म्हातारपण काढलं. ते १९८७ मध्ये वारले तेव्हा १०३ वर्षांचे होते. ती हौशी संघांत मात्र उतारवयापर्यंत खेळत राहिली. सेंट पॉल शहरानं १९९० मध्ये एक दिवस तिच्या नावानं साजरा केला, पुढे शहरातल्या एका मैदानाला तिचं नाव दिलं. १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय महिला क्रीडा सन्मान दालनात तिची निवड झाली. २ नोव्हेंबर १९९६ ला ती गेली. मार्था ॲकमन यांनी लिहिलेलं तिचं चरित्र २०१० मध्ये आलं, पुढे तिच्यावर नाटक रंगभूमीवर आलं.

अंकुशनगरच्या मैदानावर हे सगळं मला का आठवलं, ते आता सांगते.

महाराष्ट्रात मुलींचा बेसबॉल काही कालचा नाही. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही आहेत. बऱ्याच ठिकाणी खेळाडू त्याच, सर तेच, बॅटा बदलतात. सॉफ्टबॉलचा चेंडू मोठा आणि तो खालून फेकतात, बेसबॉलचा लहान, कठीण आणि वरून वेगात येतो. जगभर बराच काळ मुलींना ‘तुम्ही सॉफ्टबॉल खेळा’ असं सांगून बाजूला काढलं गेलं. अमेरिकेतल्या लहान मुलांच्या लिटल लीगमध्येसुद्धा मुलींना अधिकृत प्रवेश मिळायला १९७४ साल उजाडलं, तोही न्यू जर्सीच्या मरिया पेपे या मुलीच्या प्रकरणावरून कोर्टाची पायरी चढल्यावर. अशा जगात भारताच्या मुली २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या गिजांगला महिला बेसबॉल विश्वचषकात उतरल्या. बारा संघ होते, जपाननं सलग पाचव्यांदा चषक नेला, आपल्या मुली मोठ्या फरकानं हरल्या. हरल्या तरी त्या तिथं होत्या. पुढच्या वर्षी हाँगकाँगला पहिला महिला आशिया चषक झाला, तिथंही भारत होता. बारामतीच्या रेश्मा पुणेकरनं भारतीय महिला संघाचं नेतृत्व केलं. उसाच्याच पट्ट्यातली ती मुलगी.

आणि मुलींना खेळता येत नाही हे तर मराठवाड्यात कुणी बोलूच नये. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार प्रियंका इंगळे. तिचं मूळ गाव बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात. धाराशिवची सारिका काळे त्याच खेळात अर्जुन पुरस्कार घेऊन आली. चपळाई, नजर, दम या मातीत आहे. खो-खोत जी मुलगी क्षणात दिशा बदलते, तिला दुसऱ्या बेसवर वळून फेकणं शिकवायला किती वेळ लागेल?

अडतं कुठं, ते मला माझ्या शाळेच्या दिवसांपासून माहीत आहे. मी खो-खो खेळायचे. दहावीला सवलतीचे गुण मिळतात म्हणून घरच्यांनी नववीपर्यंत सोडलं. प्रमाणपत्र हाती आलं, गुण लागले आणि माझे बूट माळ्यावर गेले. कुणी वाईट वागलं असं नाही. सगळ्यांच्या लेखी खेळाचं काम झालं होतं. आजही गावोगाव हेच पाहते. राज्यस्तरावर खेळून आलेल्या मुलीची मिरवणूक निघते, गुलाल, फेटा, फलकावर पुढाऱ्यांच्या फोटोंमध्ये तिचा एक फोटो. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत, ही चांगलीच तरतूद आहे, घराघरांतून मुली मैदानावर आल्या त्यात तिचा वाटा मोठा आहे. पण मिरवणुकीनंतरच्या सोमवारी त्या मुलीला ग्लोव्ह मिळतो का? संध्याकाळी सहानंतर मैदानावर दिवा असतो का? अकरावीला गेली की तिला संघ असतो का? आपणही तिला सुरुवातीचे काही डाव खेळवतो आणि बाहेर बसवतो. पोलॉक तिकिटांसाठी करायचा, आपण गुणांसाठी आणि फोटोंसाठी करतो.

त्या दिवशी अंकुशनगरच्या मैदानावर मुलींचे सर होते. शाळेचं वेळापत्रक संपल्यावर ते थांबत होते. त्यांनी मला चेंडू दाखवला. शिवण उसवली होती, आतला दोरा दिसत होता. अशा चेंडूवर मुली फटका मारायला शिकतात आणि मग स्पर्धेत कोरा, कडक चेंडू समोर आला की त्यांचा हात उशिरा जातो, असं ते म्हणाले. तक्रारीच्या सुरात नव्हे, खेळातली एक अडचण सांगावी तसं. तेवढ्यात दुसऱ्या बेसजवळच्या त्या मुलीनं सुतळीच्या ग्लोव्हमध्ये चेंडू घेतला, गोणीला पाय लावला आणि न बघता पहिल्या बेसकडे फेकला. दोन बाद. सर बोलता बोलता थांबले आणि टाळी वाजवली.

अमेरिकेच्या मोठ्या लीगनं २०२० च्या डिसेंबरमध्ये जाहीर केलं की काळ्यांच्या लीगही ‘मेजर लीग’च होत्या. २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत सामील झाले. फार मोठी चूक दुरुस्त झाली. पण ही मान्यता १९२० ते १९४८ या काळापुरती आहे. टोनीचे हंगाम १९५३ आणि १९५४ चे. ते या मान्यतेबाहेर राहिले. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये एकच स्त्री आहे, एफा मॅन्ली, २००६ मध्ये निवडली गेलेली. ती संघाची मालक होती, खेळाडू नव्हे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत बायकांच्या नव्या व्यावसायिक लीगसाठी खेळाडूंची निवड झाली, सॅन फ्रान्सिस्कोच्या संघानं केल्सी व्हिटमोरला सर्वांत पहिली निवडलं. टोनी ज्या शहरात नाव बदलून उभी राहिली, त्याच शहराचा तो संघ.

हा अंक ज्यांच्या हाती आहे त्यांत कुणी संस्थाचालक असतील, मुख्याध्यापक असतील, साखर कारखान्याचे संचालक असतील, मुलीचे आईवडील असतील. त्यांना माझं मागणं मोठं नाही. सत्काराचा खर्च या वर्षी बाजूला ठेवा. त्या पैशांतून आपल्या भागातल्या मुलींच्या एका संघाला नऊ ग्लोव्ह, डझनभर कोरे चेंडू आणि मैदानावर एक दिवा द्या. आणि दहावी झालेल्या मुलीला पुढच्या जूनमध्ये पुन्हा मैदानावर बोलवा.